दोनदा मोजलेली सिंह रास

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली. तिला जाऊन अजून वर्षही झालेले नाही. सांत्वनाला येणारे लोक आपल्या निगडीच्या घरात बसून तुमच्याविषयीच बोलतात. "सासऱ्यांची विद्या सुनेने राखली," असे म्हणतात. मी मान डोलावतो. मुलगा मी होतो, नवराही मीच होतो, हे मात्र कोणी बोलत नाही.

ती दुपार मला स्वच्छ दिसते. चाकणच्या कंपनीला सुट्टी होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी कुंडली मांडून तुम्ही तिला आरूढ लग्न शिकवत होता. लग्न म्हणजे माणूस मुळात जसा असतो तसा, आणि आरूढ म्हणजे तो लोकांना जसा दिसतो तसा. लग्नराशीपासून तिच्या स्वामी ग्रहापर्यंत जितकी घरे, तितकीच स्वामीपासून पुढे मोजायची. मीही हौसेने वाकून मोजतो आहे. लग्न कर्क, स्वामी चंद्र सिंहेत, म्हणजे दोन. सिंहेपुढे दोन घरे गेलो, तर तूळ. समतोल, सर्वांना हवासा वाटणारा माणूस. उत्तर मला आवडले होते.

"साहेब, कंपनीतही असंच माप घेता का?" तुम्ही विचारलेत. "उभे असतो ते घर पहिलं. दुसऱ्यांदासुद्धा."

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला. "कर्क, सिंह. सिंह, कन्या. अण्णा, कन्या आली. म्हणजे लोकांना हे चुका काढणारे वाटतात."

"वाटणारच. पण आत कर्क आहे, मायाळू. तू तेवढं ध्यानात ठेव, म्हणजे झालं."

मी समोर उभा असताना हे तुम्ही तिला सांगितलेत. मला कधीच सांगितले नाहीत. दिवसभर इतरांचे सुटे भाग तपासून नाकारणारा मी, त्या टेबलाशी स्वतः नाकारला गेल्यासारखा उभा होतो.

शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात ती फारशी शुद्धीवर नसे. अंगठा पेरांवर फिरत राही. "अण्णा, बघा हं," म्हणे आणि राशींची नावे पुटपुटे. तिचा दुसरा हात माझ्या हातात होता, आणि ती हाक तुम्हाला मारत होती. मत्सराने मी त्या शब्दांकडे लक्षच दिले नाही.

आज तिची कुंडली मांडायला बसलो. हात बसावा म्हणून आधी माझी घेतली. तुमचा नियम पाळून मोजले, आणि तोंडून निघाले, कर्क, सिंह, सिंह, कन्या. ती खाटेवर हेच म्हणत होती. माझीच कुंडली मोजत होती. कन्येवर पोहोचली, की पुन्हा कर्केपासून सुरुवात करत होती.

मत्सर गेला, असे लिहिणे असत्य ठरेल. उत्तर तिने अखेर तुम्हालाच दाखवले. हे पत्र घडी घालून कुंडलीखाली ठेवतो आहे. फक्त एक सांगायचे राहिले. आज मोजून झाल्यावर, घरात कोणी नसताना, मीही मोठ्याने म्हणालो, "अण्णा, बघा हं."