वीसपैकी वीस

प्रिय ठकू,

रविवारी फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस. आई मंगळवारपासून हॉस्पिटलमध्ये होती, मग तुला गुरुवारी का कळवलं? तिनं तुला बोलावलंच नाही का? मी नेहमीसारखं "आता तो विषय नको" म्हणालो आणि तू "बरं, ठेवते" म्हणालीस. चार महिने आपलं बोलणं एवढ्यावरच संपतं. मला समोरासमोर किंवा फोनवर जमणार नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी ऑफिसचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

माझं काम तुला साधारण माहीत आहे. प्रोग्राम लिहिणारे जे एआय एजंट असतात, त्यांच्या हाताशी बरीच टूल्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे प्रोग्राम, दिलेली असतात. टूलच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही. त्याला दिसतात फक्त त्या टूलच्या वर्णनाच्या दोन-चार ओळी. त्या वाचून त्यानं ठरवायचं की हे आत्ता वापरायचं की नाही. मी त्या वर्णनांना गुण देतो. एका टूलसाठी वीस कामं लिहायची, एजंटकडून करवून घ्यायची, किती वेळा त्यानं टूल बरोबर वापरलं ते मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं.

आमच्याकडची बरीच टूल्स तुझ्या आईनं केलेली आहेत. तिचं वर्णन कायम एका ओळीचं. कुणी म्हणालं, बाई, जरा सविस्तर लिहा, तर ती माझ्याकडे बोट दाखवायची. "यांना कळलं ना? मग कुणालाही कळेल." सगळे हसायचे, मीसुद्धा. आणि खरोखर कुणाचं अडायचं नाही, कारण ज्याला कळलं नाही तो उठून तिच्या टेबलापाशी जायचा.

तिचं एक आवराआवरीचं टूल आहे. वर्णन असं: "काम झाल्यावर उरलेला पसारा आवरतं." ती गेल्यानंतर महिन्याभरानं ते माझ्याकडे तपासायला आलं. मी वीस कामं लिहिली. वीसपैकी वीस बरोबर आली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती ओळ तशीच राहणार होती.

मग गेल्या आठवड्यात आमच्याकडे नव्यानं आलेल्या मुलीनं तेच टूल पुन्हा तपासलं. हिनं तुझ्या आईला पाहिलेलंही नाही. तिनं आपली वीस कामं लिहिली. त्यातलं एक असं होतं, की या फोल्डरमध्ये काही सापडत नाही, जरा नीट लावून दे. एजंटनं तुझ्या आईचं टूल उचललं आणि अकरा आठवड्यांचे अहवाल पुसून टाकले. सरावाची प्रत होती म्हणून बरं. त्या टूलला ज्या फोल्डरचं नाव द्याल ते फोल्डर ते पार रिकामं करतं. ते फक्त कामासाठी तात्पुरत्या केलेल्या फोल्डरवर चालवायचं, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. वीसपैकी सात चुकली.

मी म्हटलं, तुझी कामं वाकडी आहेत. माझी वीस कामं तिनं स्क्रीनवर उघडली, खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "सर, रागावू नका, पण तुम्ही प्रश्न विचारताय की उत्तर सांगताय?"

मी पाहिलं. प्रत्येक कामात मी लिहिलं होतं, "या कामासाठी तयार केलेल्या तात्पुरत्या फायली काढून टाक." तुझ्या आईनं जे लिहायचं बाकी ठेवलं होतं ते मीच भरून टाकलं होतं, वीसही वेळा. मुद्दाम नाही गं. तिला काय म्हणायचं आहे ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी नवं वर्णन लिहिलं. टूल काय करतं, कधी वापरायचं नाही, काय परत मिळणार नाही. तिची ओळ मात्र सगळ्यात वर ठेवली. त्या मुलीच्या कामांवर चालवून पाहिलं तर दोन चुकली. एजंट पहिली ओळ धरून बसत होता. मी दिवसभर शब्द इकडचे तिकडे केले, तिनं गुपचूप चहा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती ओळ काढली. वीसच्या वीस आली.

ठकू, हे लिहिलं ते यासाठी. मंगळवारी आई मला एवढंच म्हणाली होती, "तिची मुलाखत आहे, तिला उगाच घाबरवू नका." त्याचा अर्थ मी धरला की तुला बोलवायचं नाही. तिला विचारलं नाही. मला वाटलं, मला कळतं. बुधवारी दुपारी तिनं विचारलं, "अहो, तिकडून इथवर यायला किती तास लागतात?" मी म्हणालो, नऊ. ती "हं" म्हणाली आणि दाराकडे बघत पडून राहिली. मी तिची उशी सारखी केली आणि पेपर उघडला. ती तुला बोलावत होती. तिनं बोलावलं होतं आणि मी तास सांगितले. गुरुवारी सकाळी फोन केला तेव्हा उशीर झाला होता. तू चार महिने समजतेस की आईला तू नको होतीस. तसं नव्हतं. चूक माझी आहे, तिची नाही. तुला राग येईल, तो माझ्यावर कर. आणि एक. मागे तू विचारलंस, येऊन जाऊ का, तेव्हा मी "तुला जमेल तसं" म्हणालो होतो. मला म्हणायचं होतं, ये. या शनिवारी ये. मी स्टेशनवर येतो.

तुझाच,
बाबा