हिचा खाऊ, माझं डाएट

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळ.

आजपासून डाएट. कायमचं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन डळमळायला नको. शनिवारी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची घ्यायला खाली वाकलो आणि माझीच पँट मागून गेली. टर्रकन. गिऱ्हाइकाने आधी दचकून स्वतःच्या पँटला हात लावून बघितला. मशीनवर बसणारे आमचे काका (वयाने मोठे, म्हणून सगळ्या दुकानाचे काका) म्हणाले, मास्तर, द्या, शिवून देतो. पण आता सोडायला आत कापडच उरलं नाही. गिऱ्हाइकासमोर हे बोलायची गरज नव्हती.

तर साखर बंद, तळलेलं बंद, बेकरी बंद. माझा निग्रह लोखंडी आहे. अडचण एकच. बायको.

हिचं पोटाचं ऑपरेशन झालं त्याला आता दोनेक महिने झाले. ऑपरेशन चांगलं झालं, पण जेवणावरची वासनाच गेली. ताट पुढे आलं की तोंड फिरवते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे घशाखाली उतरेल ते खाऊ द्या, वजन वाढलं पाहिजे. उतरतं काय? चिप्स, केक, क्रीमची बिस्किटं, आइस्क्रीम. म्हणजे एकाच घरात एकाला डॉक्टरच्या सांगण्यावरून आइस्क्रीम आणि दुसऱ्याला काकडी. नशीब एकेकाचं. असलं आजारपण आपल्या वाट्याला कधी येत नाही.

सोमवार. संध्याकाळ.

दिवस उत्तम गेला. दुकानात फक्त काकडी.

घरी आलो तर ही सोफ्यावर बसून चिप्स खात होती. एकेक चिप दोन बोटांत धरून, उंदरासारखी कडेकडेने. आवाज केवढा! म्हटलं, जरा हळू खा. म्हणाली, अहो, चिप्स हळू कसे खायचे? मग तोंडात धरून, मऊ करून गिळायला लागली. ते बघवेना. तिचा त्रास वाचावा म्हणून उरलेलं पाकीट मीच संपवलं. याला डाएट मोडणं म्हणत नाहीत. हातभार म्हणतात.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वजनात फरक नाही. काटा जुना आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी. दुपार.

दुकान अर्धा दिवस. ही झोपलेली. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा. त्याच्याकडे बघून आपल्याला काही होतं का, ही परीक्षा घ्यायची ठरवली. शत्रूला ओळखल्याशिवाय जिंकता येत नाही. झाकण उघडलं, काही झालं नाही. वास घेतला, काही झालं नाही. मग चमचा घेतला.

नंतर वरचा भाग चमच्याच्या पाठीने असा सपाट केला की इस्त्री केल्यासारखा. कामातली सफाई कुठेही उपयोगी पडते.

रविवार, ८ फेब्रुवारी

हिने डबा उघडला, आत बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, इतकंच होतं का हो? म्हटलं, थंडीने आटतं. कॉटन नाही का आटत धुतल्यावर? तसंच. ती बरं म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी कधी वाद घालत नाही, हा तिचा मोठा गुण. पण साथही देत नाही. नवरा एवढा झगडतोय आणि ही तोंडावर आइस्क्रीम आटल्याची चौकशी करते.

संध्याकाळी थोरली मेहुणी आली. ती शाळेत गणित शिकवते आणि घरीही हातात खडू असल्यासारखीच बोलते. दर रविवारी बहिणीसाठी पिशवी भरून खाऊ आणते. आज चॉकलेट केक. अख्खा. मी म्हटलं, ताई, या घरात डाएट चाललंय, जरा विचार करून आणत जा. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुणाचं?

अशा लोकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उपाय सापडला. मोह नजरेआड पाहिजे. हिचा सगळा खाऊ कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली हिच्याकडे दिली. मी मागितली तरी द्यायची नाही, असं तिच्याकडून वचन घेतलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

किल्ली मागितली. दिली नाही. म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना! मी म्हटलं, नवऱ्यावर विश्वास नाही? खूप बोललो. आवाज थोडा चढला असेल. रडली आणि दिली. वचन पाळता आलं नाही तिला. आजारपणाने माणूस मनाने कमकुवत होतो.

किल्ली आता माझ्याकडेच राहील. सुरक्षित.

शनिवार, १४ फेब्रुवारी

नवीन व्यवस्था छान चालू आहे. हिला काही हवं असलं की ती मला सांगते, मी कुलूप काढून देतो. पण मी दुकानात असताना तिला खावंसं वाटतं आणि मी घरी असताना वाटत नाही. यात माझा काय दोष? म्हटलं, वेळेवर खायची सवय लाव. शिस्त नाही म्हणून तर आजारी पडतात माणसं.

काट्यात अजून फरक नाही. उलट दीड किलो जास्त. पाणी असणार.

सोमवार, १६ फेब्रुवारी

ताईंनी काल आणलेला नवा केक घरात राहिला तर माझं लक्ष तिथेच राहतं, झोप लागत नाही. म्हणून दुकानात नेऊन ठेवला. घर स्वच्छ.

दुपारी ट्रायल रूममध्ये उभ्याने, पडदा ओढून, एक छोटा तुकडा. फेकून देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मग दुसरा. तेवढ्यात एका बाईने ब्लाउज घालून बघायला पडदा सरकवला. मी आत, तोंड भरलेलं, मिशीला क्रीम. बाईंनी पडदा परत लावला आणि बाहेर काकांना म्हणाल्या, आत कुणीतरी आहे. काका म्हणाले, हो, मास्तरांचं डाएट चालू आहे.

काकांना कामावरून काढावं का, याचा विचार करतोय. पण कोट त्यांच्याइतका कुणाला जमत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

कठोर निर्णय. अर्धवट उपायांनी काही होत नाही, मुळावरच घाव घातला पाहिजे. आजपासून घरात असलं खाणं येणारच नाही. डाएट दोघांचं. नवरा-बायको ही एका गाडीची दोन चाकं. एक चाक काकडी खातंय आणि एक केक, तर गाडी कुठे जाणार?

हिला नीट समजावून सांगितलं. म्हणाली, पण डॉक्टर म्हणाल्या होत्या... म्हटलं, ते तेव्हा. आता तू बरी आहेस. मग म्हणाली, निदान चिप्स तरी. म्हटलं, तिथूनच तर सुरुवात होते.

मेहुणी पिशवी घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं. पिशवी मात्र ठेवून घेतली, जड होती, परत कुठे नेणार बिचारी. उद्या दुकानात नेईन. गिऱ्हाइकांना होईल.

मंगळवार, ३ मार्च

हिने डाएट माझ्यापेक्षा छान धरलंय! सूप दिलं की चार चमचे घेते आणि पुरे म्हणते. पूर्वी केवढी कुरकुर होती. आता मागतही नाही. मी तिला म्हटलं, बघ, मनावर घेतलं की सगळं जमतं. हसली. हसते तेव्हा गालांची हाडं छान दिसतात, तरुणपणी अशी दिसायची.

दुकानातली पिशवी संपली. गिऱ्हाइकांना बिस्किटं फार आवडतात असं दिसत नाही, पण संपली.

शनिवार, ७ मार्च

आज मनाला फार समाधान वाटलं. हिचे तीन कुर्ते ढिले झाले होते, ते स्वतः मापं घेऊन आत घेतले. कमरेत दोन इंच! टेप दोनदा लावून बघितली. लोक पैसे मोजून जिममध्ये जातात आणि इथे माझ्या हाताखाली बायको दोन इंच उतरली. माप घेताना तिला उभं राहवेना, खुर्चीत बसवून घेतलं. म्हणाली, चक्कर येते. म्हटलं, शरीर साफ होताना येते.

काकांनी त्याच दुपारी माझ्या दोन पँटना मागे जोडपट्टी घातली. कुर्त्यांकडे बघितलं, पँटकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले. त्यांची नजर आता कमजोर झालीय.

शुक्रवार, १३ मार्च

हिच्या तपासणीचा दिवस. मी मुद्दाम सोबत गेलो. बरं झालेलं माणूस डॉक्टरला दाखवण्यात एक आनंद असतो.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. काट्याकडे बघितलं, फाइलमध्ये बघितलं, पुन्हा काट्यावर उभं केलं. मग विचारलं, काय खातात या? मी सगळा कार्यक्रम सविस्तर सांगितला: सकाळी काय, दुपारी काय, घरात काय येऊ देत नाही, कुलपाची पद्धत. बाईंनी लिहिणं थांबवलं. मला वाटलं, त्यांना हे नवीन असावं. मग हिला विचारलं, तुम्हाला काही खावंसं वाटतं का? साधा प्रश्न. तर हिने आधी माझ्याकडे बघितलं.

मग बाई मला म्हणाल्या, आलाच आहात तर तुम्हीही उभे राहा. राहिलो. अंगात जाड कपडे होते, हे मी आधीच सांगितलं. बाई आकडा वाचून म्हणाल्या, म्हणजे वजन घरातच आहे म्हणायचं, बाहेर कुठे गेलेलं नाही.

डॉक्टरने विनोद करू नयेत. बाहेरच्या बाकावर लोक बसलेले असतात.

पुढचं त्या फार हळू बोलल्या. पुन्हा भरती करावं लागेल, सलाइन लावावं लागेल, इतकं खाली वजन गेलं की आतली जखम भरून यायची थांबते, असं काहीबाही. डॉक्टर लोक घाबरवतातच. घरी येताना रिक्षात ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. जाणवलंसुद्धा नाही, इतकी हलकी.

रविवार, २२ मार्च

आठवडाभर दवाखान्यात होती. आज सोडलं. मी रिक्षा बोलावून उभा, तर मेहुणी गाडी घेऊन आलेली. म्हणाली, ती माझ्याकडे येते आहे. म्हटलं, ताई, असं कसं, तिचं घर आहे, तिचा नवरा आहे. ताई म्हणाल्या, नवऱ्यावरचंच तर औषध चाललंय. मी हिला विचारलं, तुला कुठे जायचंय? तिला बोलायला बहुतेक थकवा होता. गाडीत जाऊन बसली.

हरकत नाही. थोडे दिवस बदल होईल. आणि एका परीने हे माझ्या पथ्यावरच पडलं. आता घरात मोहाचं एकही कारण उरलं नाही. खरं डाएट आता सुरू.

सोमवार, २३ मार्च

पिझ्झा. शेवटचा.

गुरुवार, २६ मार्च

रोज संध्याकाळी मागवावं लागतंय. स्वयंपाक करायला कुणी नाही, मी तरी काय करणार? दार उघडलं की पार्सलवाला हसतो. घर फार शांत आहे. चिप्स खाल्ले तर आवाज इतका घुमतो की टीव्ही मोठा करावा लागतो.

हिने फोन उचलला नाही. झोपली असेल.

रविवार, ५ एप्रिल

आज तिकडे गेलो. जाताना बेकरीतून मोठा केक घेतला, तिच्या आवडीचा, वर चेरी असलेला. वाटेत डबा उघडला नाही. हे लिहून ठेवतो, कारण विश्वास बसणार नाही.

दार भाचीने उघडलं. ही आत पलंगावर बसली होती, मांडीवर बशी, हातात काहीतरी क्रीमचं, आणि दोघी बहिणी कशावरून तरी मोठ्याने हसत होत्या. चेहरा भरलाय. रंग आलाय. मी दारात उभा आहे हे तिला दिसलं आणि तिने ती बशी पटकन उशीमागे सरकवली. ओठ पुसले. हात मांडीवर ठेवून सरळ बसली.

मी म्हटलं, अगं, खा ना. लपवतेस काय? म्हणाली, खाईन नंतर. म्हटलं, नंतर कशाला, आत्ता खा, हा बघ, मी केक आणलाय. ती म्हणाली, ठेवा तिथे. म्हटलं, एक घास तरी, माझ्यासमोर खा, मला आता काही होत नाही.

म्हणाली, मला होतं.

शांतपणे म्हणाली. ताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी थोडा वेळ बसलो. उशीमागून क्रीम चादरीला लागत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मी उठल्याशिवाय ती बशी बाहेर येणार नव्हती, म्हणून उठलो.

विचारलं, घरी कधी येतेस? भाचीने चपला पुढे आणून ठेवल्या.

जिना उतरताना वरून पुन्हा हसणं ऐकू आलं.

घरी आलो. काही मागवलं नाही. भूकच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डाएटच्या दृष्टीने ही चांगली सुरुवात आहे.