गोठ्यातल्या गाडीचा पंप

शेलू, गोठ्याशेजारून

चि. कपिलराव यांस दाजीचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. मस्कतचा उन्हाळा कसा काय, तुझं पोट आता ताळ्यावर आहे का, आणि डोक्यावर जे काही केस शिल्लक होते ते टिकून आहेत का, हे सवडीने कळवावे. (व्हिडिओ कॉलवर तू टोपी घालून बसतोस, त्यामुळे अंदाज येत नाही.) माझा गुडघा होता तसाच आहे, आणि तुझी मालनताई ठणठणीत असून माझ्या गुडघ्याची बातमी तिखटमीठ लावून गावभर पोचवते आहे. हातात मोबाइल असताना दाजींना टपाल कुठून सुचलं, असं तुला वाटेल. पण मी फोनवर बोलतो तेव्हा मालन शेजारी बसलेली असते आणि मेसेज लिहावा तर मोबाइल तिच्या उशाशी असतो. गाडीबद्दल जे सांगायचं आहे ते तिच्या देखत सांगण्यासारखं नाही.

गाडी म्हणजे तुझी ती लाल, दोन दारांची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. कर्जतच्या एका फार्महाऊसवाल्याने सामान विकायला काढलं, तेव्हा लोक तिथून पंखे आणि कपाटं घेऊन आले. तू ही घेऊन आलास, “थोडे दिवस तुमच्या गोठ्यात ठेवतो, दाजी” म्हणालास आणि मस्कतला गेलास. गोठ्यात जनावर उरलं नव्हतं, म्हणून मीही हो म्हटलं. त्या थोड्या दिवसांत आपल्या चारी बाजूंना टॉवर उभे राहिले, त्यांत माणसं राहायला आली, आणि आता रोज सकाळी मी गाडी पुसतो तेव्हा ती माणसं गॅलरीत चहा पीत माझ्याकडे बघतात. मी सगळा जन्म साजगावच्या कारखान्यात हजेरी खात्यात काढला. माणूस असो की यंत्र, हजर की गैरहजर एवढंच मी बघायचो. तुझी गाडी रोज हजर होती. ती काम करते की नाही, हे बघणं आमच्या खात्याकडे नव्हतं.

मध्यंतरी तुझा फोन आला. खालापूरकडच्या कोणा शेठना गाडी पसंत आहे, वॉटर पंप गळतोय तेवढा बदलून द्या आणि मोकळे व्हा, एकदा ती गेली की तिकडे माझं काही अडकून राहणार नाही, असं तू म्हणालास. सहजच म्हणालास. मालन शेजारी गवार निवडत होती. तिने विचारलं, “म्हंजे आता तू येनार नाय?” तू “बघू गं ताई” म्हणून दुसरं काहीतरी बोलायला लागलास. त्यानंतर तिने तो विषय एकदाही काढला नाही. त्या रात्रीच्या भाजीत मात्र गवारीच्या शिरा तशाच होत्या.

आता शेठविषयी. (माणूस वाईट नाही.) ते गाडी चालवणार नाहीत. फार्महाऊसच्या फाटकाशी चौथरा बांधून त्याच्यावर ती ठेवणार, आत माती भरून बोगनवेल लावणार आणि खालून निळे दिवे सोडणार. फक्त त्या चौथऱ्यावर ती आपल्या पायांनी चढली पाहिजे, कारण क्रेन आणली तर त्यांची हिरवळ मोडते. म्हणजे ज्या इंजिनासाठी ही सगळी धावपळ चालली होती, त्याच्या नशिबात एकच चढ लिहिलेला होता, आणि तोही जेमतेम एखाद्या ओट्याएवढा.

पंप शोधायला आधी मीच कर्जतच्या बाजारात गेलो. प्रत्येक दुकानदाराने “विहिरीला की बोअरला?” असं विचारलं आणि मी गाडीला म्हटल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी शिळफाट्याचा गजा मेकॅनिक धरून आणला. तो टेंपो दुरुस्त करतो, त्यामुळे एवढ्या बुटक्या गाडीजवळ कसं उभं राहायचं हेच त्याला बराच वेळ कळेना. बॉनेट उघडून त्याने आत डोकावलं आणि तो खाली बसून हसू लागला. वरून ही एवढी विमानासारखी दिसते, पण इंजिन एका जुन्या घरगुती गाडीचं आहे म्हणे. तसलीच एक गाडी खोपोलीच्या भंगारात पडली होती. ती हयातभर पोरांना शाळेत नेत-आणत होती. तिचा पंप गजा घेऊन आला, आणि अशा तऱ्हेने तुझ्या स्पोर्ट्स कारची शाळेच्या गाडीशी सोयरीक जुळली.

(हा पंप इंजिनात पाणी फिरवतो. तो गळाला की पाणी संपतं, पाणी संपलं की इंजिन तापतं आणि मेकॅनिक थंड बसून राहतो. तुला हे ठाऊक असेल, मला नव्हतं.)

जुना पंप काढताना निराळीच पंचाईत झाली. इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट आहे, तिच्यात गजाचा हात जाईना. तेल लावून गेला, तर बाहेर येईना. माझा हात नेऊन बघितला, तो गुडघ्याइतकाच निकामी निघाला. सगळे बोल्ट निघाले होते, शेवटचा एक तेवढा हटून बसला होता. मालन दारात उभी राहून हे बघत होती. ती आली, बांगड्या काढून माझ्या खिशात टाकल्या, फटीत हात घातला आणि गजाने सांगितलं त्या बाजूला पाना फिरवून बोल्ट काढून दिला. हात धुताना म्हणाली, “कपिलची गाडी हाय. येवडं तरी केलं पायजे.” गजा मला म्हणाला, वहिनींना माझ्याकडे कामाला पाठवा. मी त्याला सांगितलं, की ती गेली तर माझी हजेरी कोण घेणार?

त्या दुपारी आम्ही जेवून आलो, तर नवा पंप गायब. गोठा उलथापालथा केला. गजा म्हणाला उंदरांनी नेला असेल. पंप लोखंडी, चांगला वजनदार; तो नेणारा उंदीर असता तर गोठा त्याच्याच नावावर झाला असता. तरी मी ते फार मनाला लावून घेतलं नाही, कारण आपल्या घराला हे नवीन नाही. तू शाळेत असताना मे महिन्यात यायचास आणि परत जायच्या दिवशी तुझी एक चप्पल हमखास नाहीशी व्हायची, आठवतं? कुत्र्यावर आळ यायचा आणि तुझा मुक्काम एका दिवसाने वाढायचा. मागच्या खेपेला तर विमानाच्या दिवशी तुझा डावा बूट गेला आणि तू माझ्या सपाता घालून मस्कतला उतरलास. (त्या परत पाठवायची गरज नाही.)

गजाने कुठून तरी दुसरा पंप पैदा केला आणि या वेळी तो मांडीवर घेऊनच जेवला. तर या खेपेला त्याचं पॅकिंग नाहीसं झालं. पॅकिंग म्हणजे पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसतो तो पातळ पट्टा, तो नसला तर पाणी ठिबकत राहतं. गजाने मग आमच्या लेकीच्या, पौर्णिमाच्या लग्नाची उरलेली पत्रिका मागितली, जाड पुठ्ठ्याची, आणि कात्रीने पॅकिंग कापून बसवलं. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ हे शब्द त्यात अखंड राहिले आहेत.

रविवारी शेठ आले. ते पांढऱ्या कपड्यांत आले होते, हे मुद्दाम लिहितो, कारण जाताना ते तसे नव्हते. गाडी पहिल्या दणक्यात चालू झाली. गॅलऱ्या भरल्या. मग खालून थेंब पडू लागले. गजा म्हणाला, घाबरायचं कारण नाय, रेडिएटरमध्ये चिमूटभर हळद टाकली की बारीक गळती बंद होते, आमच्या लाइनीत सगळे हेच करतात. मालनने घरच्या हळदीचा डबा आणला आणि चिमूट शोधत बसायला नको म्हणून सगळा ओतला. थोड्या वेळाने बॉनेटखालून वरणासारखा वास सुटला. काय होतंय ते बघायला शेठ वाकले आणि त्याच क्षणी पाइप निसटला. भाजलं नाही त्यांना, पाणी कोमटच होतं. पण लग्नाला उभ्या राहिलेल्या नवरदेवाला लागत नाही एवढी हळद त्यांना लागली. मालनने टॉवेल दिला आणि फक्त एवढंच म्हणाली, “साबन लावू नका, लाल होतंय.” गाडी नीट झाल्यावर कळवा म्हणून शेठ निघून गेले.

तर सद्यःस्थिती अशी : गाडी हजर, पंप हजर, पॅकिंग गैरहजर, गिऱ्हाईक रजेवर. मला विचारशील तर या गाडीचा नाद सोड. तिच्यात राम नाही. घेणारा मिळाला तर देऊन टाकावी, या मताचा मीही आहे. थंड पाणी फार पिऊ नकोस. कळावे, लोभ आहेच.

तुझा
धर्माजी

ता. क. : पत्र पाकिटात घालायचं होतं, पण तसंच राहिलं होतं. आज पौर्णिमा, म्हणून मालन विहारात गेली आहे आणि भात टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी तांदळाचं समजून पिंप उघडलं, ते निघालं भाताच्या बियाण्याचं. हात घातला तर आत काहीतरी टणक लागलं. तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला पहिला पंप होता. त्याच्याखाली पॅकिंग. त्याच्याही खाली तुझा डावा बूट, पॉलिश केलेला.

ता. क. : सगळं होतं तसं ठेवून वरून बियाणं सारखं केलं. पॅकिंग बसवलं तर गाडी उद्याच चौथऱ्यावर चढेल, पण माझ्या हातून ते होणार नाही. गाडी सध्या मिळणार नाही, असं शेठना कळवलं आहे. मघाशी तिच्यात राम नाही असं लिहिलं ते खोडून वाच. गाडी विकायचीच असेल तर इथे येऊन, ताईसमोर बसून विक. ती तुझी वाट बघते, कपिल. मीही बघतो, फक्त बोलत नाही.

ता. क. : येताना माझ्या त्या सपाता घालून ये. एखादी गेली तरी घरातच राहील, आणि पिंपात आता बुटाला जागा नाही.