मतदानाच्या रांगेत पहिला नंबर

प्रिय दत्तामामा,

आज रविवार, १२ एप्रिल २०२६, चैत्र वद्य दशमी. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी एका ऑफिस बिल्डिंगच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोरच्या बाकावर, मांडीवर वही ठेवून बसलो आहे. या वेळी मी वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये तुझ्या वर्षश्राद्धाला बसलेला असायला हवा होतो. पाट मांडून ठेवले आहेत. खीर फ्रिजमध्ये आहे. श्राद्ध सांगणारे जोशीकाका आपल्या ब्लॉकखाली येऊन थांबले आहेत. नाही ती फक्त मामी, आणि म्हणून मी. मामी इथंच नवव्या मजल्यावर पेरू देशाची निवडणूक घेते आहे.

मतदान करते आहे असं लिहिलेलं नाही, नीट वाच. निवडणूक घेते आहे. हे तुला सांगायलाच हवं, कारण चूक तुझी आहे.

पेरूतल्या काय्याओच्या बंदरात तुझी बोट दुरुस्तीला थांबली काय, तिथल्या खाणावळीतली रोसा तुला आवडली काय, आणि लग्न करून तिला घेऊन तू इथं शिपयार्डात आलास काय. ते सगळं ठीक. पण तिच्या देशाच्या रीतीभाती तुला पंचवीस वर्षांत कळल्या आणि त्यातली एकही तू मला सांगितली नाहीस. मी बारावी नापास, पण कोणी काही सांगितलं की लिहून ठेवतो, हे तुला माहीत होतं ना? मग सांगायला काय झालं होतं?

पंचांग बघितलं तेव्हा पहिल्यांदा घोटाळा कळला. तुझी तिथी आणि तिचं मतदान एकाच दिवशी. मी मामीला म्हणालो, या वेळी मत राहू दे. ती म्हणाली, "राष्ट्राध्यक्ष निवडायचा, सिनेट निवडायची, खालचं सभागृह निवडायचं. आणि मी घरी बसतो?" तुझ्याकडून मराठी शिकली म्हणून अजून 'मी बसतो', 'मी जातो' म्हणते. राष्ट्राध्यक्षांवरून तू तिला किती चिडवायचास. आमच्या शिपयार्डातला फोरमन तुमच्या राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त टिकतो, म्हणायचास. तरी दर वेळी तिला घेऊन यायचास.

मग मी वेळापत्रक केलं. एमआरटीच्या पहिल्या गाडीनं निघायचं, दार उघडताच मत द्यायचं, दहाला घरी, बाराला जोशीकाका. मामीनं आदल्या दिवशी वड्यांचं पीठ तयार ठेवलं. परत आल्यावर वेळ जाऊ नये म्हणून ती सुती साडी नेसूनच निघाली. आम्ही वकिलातीशी पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. दारापुढे पहिली मामी, दुसरा मी, आणि मी मनातल्या मनात खूश.

दार उघडलं. टाय लावलेला एक माणूस बाहेर आला, त्यानं मामीचं ओळखपत्र बघितलं, हसून तिच्याशी दोन मिनिटं स्पॅनिश बोलला आणि तिला आत नेलं. मला वाटलं, साडीचा मान. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मागच्या माणसांची मतं देऊन झाली, ते निघून गेले. मामी नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या पेरूवियन गृहस्थांना विचारलं. ते मला आपादमस्तक बघून इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही तिला पहिल्या नंबरला आणलंत?"

"हो. वेळेवर."

"अरे देवा," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

त्यांनी समजावलं ते असं. मतदानाच्या टेबलावर बसणारे लोक सरकारी नोकर नसतात. मतदारांतूनच चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. त्यातलं कोणी आलं नाही, तर रांगेत जे पुढे उभे असतील त्यांना बसवतात. मतदान संपून मोजणी होईपर्यंत उठता येत नाही. नाही म्हणायची सोय नाही. "म्हणून आमच्यात शहाणा माणूस सकाळी येत नाही," ते म्हणाले. "तुमचे मामा दर वेळी जेवून, दोननंतर यायचे. साडीवाल्या बाईंचा नवरा, मला आठवतो."

मामा, मागच्या खेपेला मी तुला काय काय बोललो! लोक देशाचं सरकार निवडायला जातात आणि तू घोरत पडतोस म्हणालो. तू उठलास, चहा मागितलास आणि म्हणालास, "जेवल्याशिवाय मला लोकशाही पचत नाही रे." एवढंच. तेव्हाच खरं कारण सांगितलं असतंस तर तुझ्या तोंडाचं काय गेलं असतं?

आता पावणेदोन. मी वर जाऊन आलो. केळी आणि कॉफी घेऊन गेलो होतो. मामी दोन मिनिटं दाराशी आली. बोटाला शाई, पदर कमरेला खोचलेला. मतपत्रिका म्हणजे टॉवेलएवढा कागद आहे, पाच रकाने, राष्ट्राध्यक्षपदालाच तीसच्या वर उमेदवार. लोक पडद्यामागे जातात ते बाहेरच येत नाहीत, म्हणाली. केळ्याला हात लावला नाही. श्राद्ध झाल्याशिवाय खाणार नाही म्हणे.

"मामी, सकाळपासून उपाशी आहेस."

"दत्ता जेवला की मी."

मी सांगितलं, जोशीकाका फोनवर म्हणतात, तुझ्याशिवाय उरकून घेऊ.

"उरकून म्हणजे?"

"म्हणजे पटकन करून टाकू."

"दत्ता काय फाइल आहे?" ती म्हणाली. मग तिनं घड्याळ बघितलं. "पण तू जा. तारीख चुकवू नको. मी इथून नमस्कार करतो."

आणि मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यातून तिनं एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्यावर इंग्रजी अक्षरांत तुझं, आजोबांचं, पणजोबांचं नाव आणि खाली गोत्र. महिनाभर रोज सकाळी ती हे घोकत होती, मामा. भांडी घासताना, लिफ्टमध्ये. पणजोबांच्या नावाशी दर वेळी अडखळायची. "आता सगळी येतात," ती म्हणाली. "तू म्हण माझ्यासाठी." आतून तिला कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मी तिथूनच जोशीकाकांना पुन्हा फोन लावला.

"अरे संदीप, अजून कुठे आहेस? मला चारला मरीन परेडला पोचायचंय."

"काका, मामीला अजून सोडत नाहीत."

"हे बघ, कर्ता तू आहेस. त्या नसल्या तरी चालतं."

"चालतं ते मला माहीत आहे."

पंचांगाची पानं चाळल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "तशी अडचण आली तर अमावास्येला करता येतं. शुक्रवारी आहे. पण अडचण खरी हवी. काय अडचण धरायची?"

"पेरूची निवडणूक धरा."

"कुठल्या पोथीत नाही रे ही," काका म्हणाले. पण हसले. आणि मी म्हणालो, शुक्रवारी या.

म्हणालो खरा. कामावर स्टोअरमध्ये मोजताना बोल्टचा एक नट कमी भरला तर मला झोप येत नाही, आणि इथं तुझी तिथीच मी माझ्या तोंडानं पुढे ढकलली. आई गावाहून विचारेल, झालं का नीट? काय सांगू? राग येतोय, मामा. तुझा, त्या टायवाल्याचा, चिठ्ठीत नाव निघूनही घरी झोपून राहिलेल्या त्या कोणा माणसाचा. माझा सगळ्यात जास्त.

मतदान संपलं. मोजणी सुरू झाली आहे. मला कॉरिडॉरमध्ये उभं राहू देतात, काचेतून दिसतं. टेबलावरचा माणूस एकेक मतपत्रिका उलगडून मोठ्यानं वाचतो आहे आणि मामी तक्त्यावर रेघा ओढते आहे. मध्येच तिनं त्याला थांबवलं आणि एक कागद पुन्हा उघडायला लावला. तो वैतागला. मामीनं चष्मा वर केला, नीट बघितलं, मगच रेघ ओढली. वीस तासांची उपाशी बाई. कोणाही अनोळखी माणसाचं मत तिनं उरकून टाकलं नाही.

खाली जाऊन तिच्यासाठी काहीतरी गरम आणतो. आज ती खाईल. तिथी पुढे गेली आहे, आता उपाशी राहून कोणावर उपकार नाहीत, असं मी तिला ठणकावून सांगणार आहे.

मामा, शुक्रवारची रजा मी टाकली आहे. तिची चिठ्ठी तिला परत देणार आहे. नावं ती स्वतः म्हणेल. पणजोबांपाशी अडली तर आपण सगळे थांबू, जोशीकाकासुद्धा. ती म्हणेपर्यंत मी हातातलं पाणी सोडणार नाही, हा माझा शब्द.

तुझा,
संदीप