एकेक ठोका

प्रिय ज्योती,

तुझ्या आईचा सलाम, आणि निकिताला पापा. आधी हे वाच की मी ठणठणीत आहे. शेजारच्या मालननं तुला फोनवर सांगितलंच, पण माझं वाकडंतिकडं अक्षर बघितलंस की तुझी खात्री पटेल. चौथीपर्यंतची मी, वेलांटी कुठं ऱ्हस्व कुठं दीर्घ ते प्रभूला माहीत. हसू नको. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू म्हणतेस, आई ड्यूटीवर आहे, मागून करते, आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं. पत्राला ड्यूटी नसते. दवाखान्यात चहाची सुट्टी झाली की वाच, नाही संपलं तर दुसऱ्या चहाला वाच.

तर आपली शाळा. जूनपासून आठवी सुरू झाली, ते तुला माहीत आहे. आधी चर्चमध्येच सतरंजीवर बसायची पोरं. आता चर्चच्या मागं दोन खोल्या झाल्या, वर पत्रा, पण फरशी गुळगुळीत. मधल्या सुट्टीत सगळी माझ्या दारात पाणी प्यायला येतात. चपलांचा ढीग पडतो, आजी पाणी, आजी लोणचं, आजी ह्यानं मला मारलं. निकिता मला मोबाईलातच बघते, पण इथं सगळी शाळा मला आजी म्हणते. पाच वाजले की मात्र घर असं गप्प होतं की रांजणावरचा पेला जरी हलला तरी मी बघते, कोण आलं.

ही शाळा काढायला पाळक शांतवनसाहेबांनी काय कमी चपला झिजवल्या? मी बी त्यांच्यासंगं दारोदार हिंडले. सातवीपर्यंतची शाळा गावात होती, पुढं काय? पोरं आईबापासंगं ऊसतोडीला कोपरगावाकडं, पोरी लग्नाला. गहिनीनाथ ओट्यावर बसून मला म्हणाला, "लंकाबाई, शाळा काढताय का पोरं बाटवताय?" मी म्हटलं, बाबा, तुझ्या पोरांना सही येत न्हाई, त्यांना बाटायला बी आधी शिकवावं लागंल. सगळे हसले, तो बी हसला. आणि नात पहिली कुणाची आली? त्याचीच. दोन वेण्या घालून. आता रोज विचारतो, आमच्या पोरीनं आज काय दिवे लावले?

बायका विचारायच्या, लंकाबाई, तुमची पोरगी तर शिकून मोकळी झाली, तुम्हांला काय पडलंय? मी म्हणायची, सातवीनंतर पोरगी कुठं जाते ते मला विचारा. जाते आणि तिकडचीच होते. तुला नगरच्या बोर्डिंगला सोडलं तेव्हा वाटलं होतं तू रडशील. मी फाटकातून मागं वळून बघितलं, तर तू तिथं नव्हतीसच, आत पळाली होतीस खाटा बघायला. हायसं वाटलं मला. वाईट बी वाटलं. असू दे, मी कुठल्या कुठं गेले. घंटेचं सांगायचं होतं.

शाळेला नवा शिपाई आलाय, गोरक्ष नावाचा, अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. लई गुणी आणि लाजाळू. शाळेला घंटा नाही म्हणून साहेबांनी त्याला सांगितलं, साडेदहाला चर्चची वाजव. आपल्या घंटेची रीत त्या बिचाऱ्याला काय माहीत? उपासनेला सलग घणघणते, आणि कुणी गेलं तर एकेक ठोका, मधे थांबून. आपल्या वस्तीलाच काय, साऱ्या गावाला ते कळतं. त्यानं मनात आणलं, शाळा म्हणजे मोठं काम, दमानं वाजवावं. वाजवला एक ठोका. थांबला. दुसरा. थांबला.

मी तापामुळं रविवारी उपासनेला गेले नव्हते, आणि वस्तीत सगळ्यांत म्हातारी मीच. लोकांनी हिशेब जुळवला. इकडं मी ठोके ऐकले, हातातलं सूप ठेवलं, पांढरं लुगडं नेसले आणि म्हटलं, चला, कोण गेलं बघावं. दार उघडते तर मालन छाती पिटत येतेय, मागं अर्धं गाव. मी विचारलं, कोण गेलं गं? ती मला बघून जागीच बसली आणि म्हणाली, "तुमीच की, आक्का."

काय सांगू तुला, हसून हसून पोट दुखलं. सुतार माझ्या पेटीचं माप घ्यायला टेप घेऊन आलेला, तो टेप खिशात लपवत होता. घरातली सगळी साखर चहात गेली. मेल्यावर बोलतात तसं चांगलं चांगलं सगळे माझ्या तोंडावर बोलून गेले. गोरक्ष पाण्याच्या टाकीमागं लपला होता, त्याला हाताला धरून आणलं, चहा दिला आणि सलग घंटा कशी वाजवायची ते शिकवलं. तुझे वडील गेल्यापासून एवढी माणसं माझ्या घरात पहिल्यांदाच बसली होती.

पण तेवढ्यात मालननं तुला फोन करून टाकलेला. तू निघालीस असं तिनं सांगितलं, आणि मी लागले कामाला. खाट झटकली, तुझी गोधडी उन्हात टाकली, शेंगोळी केली लसूण घालून. संध्याकाळी मुक्कामी एसटी आली तेव्हा मी ओट्यावरच होते. कंडक्टरनं विचारलं, आजी, कुणाची वाट बघता? म्हटलं, कुणाची न्हाई, गाडी वेळेवर आली का ते बघते. मग मालन आली आणि म्हणाली, ज्योती अर्ध्या वाटेवर सुप्यापर्यंत आली होती, तिथं तिला माझा दुसरा फोन लागला, मग तिथूनच पुण्याची गाडी धरली, रजा वाचली. बरं केलंस. रजा काय झाडाला लागते? शेंगोळी दुसऱ्या दिवशी पोरांनी खाल्ली. शिळी जास्त चांगली लागतात.

हे मी रागानं लिहीत नाही, ज्योते. उलट तू हातातलं काम टाकून निघालीस, हे आठवून अजून मला सकाळी उठायला बरं वाटतं. पण तू इथं येऊन तीन नाताळ झाले, म्हणून लिहायला बसले. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी खोल्यांचं समर्पण आहे, आणि घंटा मी वाजवायची असं साहेबांनी ठरवलंय. सलग वाजवणार आहे, हात दुखेपर्यंत. त्या घंटेला ये, निकिताला घेऊन ये. एकेक ठोक्याला तर तू येशीलच, सुप्याच्या पुढंही येशील, ते मला माहीत आहे. पण तेव्हा शेंगोळी कोण करणार?

तुझीच,
आई