सहा दिवसांचं नॉर्वे

११ जून
ठकू नॉर्वेत आहे! सहा वर्षांनी कळलं, तेही दुकानात, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना. तिची कॉलेजातली मैत्रीण आली होती. मी काडी वाकवून तिच्या कानामागे नीट बसते का बघत होते, आणि ती सहज बोलून गेली — ठकूच्या हॉटेलात सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही म्हणे, उन्हाळ्यात त्या फ्योर्डवर बोटींची रांगच लागते. तिला वाटलं, आईला लेकीचा पत्ता ठाऊक असणारच. मी "हो ना" म्हटलं आणि वळून स्क्रू शोधत बसले. स्क्रू हातातच होता.

मग गोड बोलून गावाचं नाव काढून घेतलं. घरी येऊन फोनवर बघितलं. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या पोटात लांबवर घुसलेला समुद्र. दोन्ही बाजूंना उभे कडे, मधे काळंशार पाणी. तिथल्या अगदी टोकाच्या गावात माझी पोरगी स्वयंपाकघरात राबते.

ह्यांना सांगितलं नाही. सहा वर्षांत ह्यांनी तिचं नाव घेतलेलं नाही. कुणी विचारलं, मुलं किती, तर हे खिडकीबाहेर बघतात. बाप इतका कठोर असू शकतो, हे मला लग्न करताना कुणी सांगितलं नव्हतं.

१९ जून
आज ह्यांना म्हटलं, मला फ्योर्ड बघायचाय. सहाच दिवस. भांडणाची सगळी तयारी करून बसले होते. हा माणूस आपली गादी सोडावी लागते म्हणून भाच्याच्या लग्नाला गेला नव्हता!

पेपरमधून डोकं न काढता हे म्हणाले, जाऊ या की. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत लोकांना वर-खाली नेलं, आता जरा आडवं जाऊ. मग एवढंच विचारलं — "कधी?"

२८ जून
सहल कचेरीतली बाई फार नेटकी. म्हणाली, सप्टेंबरअखेर जा. गर्दी ओसरते, बर्चची झाडं पिवळी होतात, शिखरांवर पहिला बर्फ असतो. पाऊस मात्र धरूनच चाला, आणि बोटी कमी झालेल्या असतात. २४ ते २९ ठरलं. जाण्यायेण्यातच दोन दिवस जाणार.

नकाशात मी त्या टोकाच्या गावावर बोट ठेवलं. बाई म्हणाली, तिथं कुणी मुक्काम करत नाही हो, बोट अर्धा तास थांबते आणि परत फिरते. मी म्हटलं, आम्हाला तिथं दोन रात्री हव्यात. हे लगेच म्हणाले, असू दे, तिथंच राहू. मला ह्यांची कीवच आली. बिचाऱ्यांना काय माहीत, मी ताकाला जाऊन भांडं लपवतेय!

९ जुलै
दोन लोकरी टोप्या घेतल्या. मग परत दुकानात जाऊन तिसरी घेतली.

२ ऑगस्ट
मालक म्हणाले, अठरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा रजा मागताय, नाही म्हटलं तर मलाच पाप लागेल. वर ह्यांचे डोळे तपासून लांबचा चष्मा करून दिला. हे तो लावून दुकानाच्या दारात उभे राहिले आणि समोरच्या इमारतीवरच्या पाट्या मोठ्यांदा वाचत सुटले. मी पोट धरून हसले. कधी हसले होते अशी, आठवत नाही.

मनातल्या मनात रोज घोकते. दार उघडेल. ती असेल. मी म्हणेन — पुढचं काही सुचत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
लिहायला हात वळत नाही.

हे दर रविवारी सकाळी बागेत फिरायला जातात. आज आभाळ भरून आलं, म्हणून मी छत्री घेऊन मागोमाग गेले. बाकावर पाठमोरे बसले होते, कानाला फोन. ऐकू आलं, "रात्री जेवलीस का नीट, ठकू?"

मी तशीच उभी. ह्यांनी मान वळवली, मला बघितलं. दचकले नाहीत. फोनमध्ये म्हणाले, "तुझी आई आलीय. ठेवतो."

सहा वर्षं. दर रविवारी. आणि मला ताकास तूर लागू दिली नाही! मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणे तिनं शपथ घातली होती. मी म्हटलं, बापावर माया आणि आईवर राग, असं मी काय घोडं मारलं तिचं?

हे बराच वेळ छत्री उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "हॉस्पिटलात तिला काय म्हणालीस, आठव."

१८ ऑगस्ट
आठवतं. कधी विसरले होते?

तिचा नवरा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून हात उगारायचा. पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिचे केस विंचरत होते. आणि म्हणाले, "बरं झालं. सुटलीस."

त्याच्यापासून सुटलीस, असं म्हणायचं होतं मला! मूल असतं तर जन्मभर त्या घराला बांधली गेली असती. आईनं नाही असा विचार करायचा तर कुणी करायचा? ती म्हणाली, काय म्हणालीस? मला वाटलं, ऐकू नाही गेलं. मी पुन्हा म्हणाले. नीट, स्पष्ट. हे तिच्या पायांशी स्टुलावर बसून तिचे तळवे चोळत होते.

दोन महिन्यांत ती त्याला सोडून गेली. आणि आम्हालाही. मी मनाशी म्हणत राहिले, बघा, शेवटी ऐकलं ते माझंच. सहा वर्षं हेच म्हणत होते. लाज वाटते लिहायला, पण म्हणत होते.

२४ ऑगस्ट, रविवार
ह्यांना म्हटलं, तिला माझ्या वतीनं सांगा, चुकले. हे म्हणाले, ते ओझं मी नाही वाहणार, ते तुझं. मग म्हटलं, निदान येऊ का एवढं विचारा.

हे फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं. मी ओट्यापाशी उभी. आत आले, पाणी प्याले, पेला विसळला, पुन्हा विसळला.

"मला एकट्याला ये म्हणाली."

"आणखी काय?"

"आईला म्हणावं, घाई करू नकोस."

"घाई? सहा वर्षं झाली!"

"तिच्या हिशेबानं नाही झाली."

मग म्हणाले, तू नाही तर मीही नाही. मी म्हटलं, जा तुम्ही. दोघांपैकी एकाला तरी दिसू दे ती.

२ सप्टेंबर
सहल कचेरीत जाऊन माझं तिकीट रद्द केलं. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. 'तब्येत' लिहिलं. बाई हळहळली. म्हणाली, किती हौसेनं निवडलं होतं तुम्ही ते गाव.

२३ सप्टेंबर
बॅग भरली. ह्यांचे जाड मोजे, स्वेटर, मफलर, रेनकोट. टोप्या तिन्ही घातल्या, माझी इथं काय कामाची? हे म्हणाले, तिला तुझ्याकडून काय देऊ? म्हटलं, टोपी द्या. पण माझं नाव घेऊ नका, म्हणजे घालेल तरी.

२४ सप्टेंबर
सोडून आले. काचेपलीकडून हे हात हलवत होते, चुकीच्या बाईकडे. लांबचा चष्मा खिशात.

२६ सप्टेंबर
ह्यांनी फोटो पाठवला. पाणी, कडा, पिवळी झाडं, वर बर्फाची रेघ. किती सुंदर! मोठा करकरून कोपरान् कोपरा पाहिला. कुणी नाही. माणूस वगळून फोटो काढायला किती सांभाळावं लागलं असेल.

२८ सप्टेंबर, रविवार
ह्यांचा फोन. उद्या येत नाहीत. ठकूला आठवा महिना आहे! बापालाही तिथं गेल्यावर कळलं. एकटीच आहे. हे म्हणाले, तिचं बाळंतपण मी करणार. ज्या माणसानं ठकूला तीन महिन्यांची होईस्तोवर उचललं नव्हतं, हातातून पडेल म्हणून!

मी एवढंच म्हटलं, कागद-पेन्सिल घ्या, सांगते ते उतरवून घ्या. बाळाला आंघोळ घालताना आधी आपलं कोपर पाण्यात बुडवून बघायचं. मानेखाली हात धरायचा, तो शेवटपर्यंत काढायचा नाही.

ह्यांच्या मागून तिचा आवाज आला. "बाबा, फोन इकडं ठेवा ना मधे. मला ऐकू येत नाहीये."