‘अपूर्ण’ नावाचा फोल्डर

४ ऑगस्ट, सोमवार

इनबॉक्स रिकामा. अगदी रिकामा. लॅबच्या मेलवर असं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. नुसता पांढरा पडदा, आणि त्यात पुसटसा माझाच चेहरा, चष्म्यासकट. बाहेर दोन दिवसांची झड. आत डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र टप, टप करून राहिलं. किती वेळ बघत बसले कोण जाणे. चहाचं पाणी झालं.

तीन रविवार ह्यात गेले. जिल्ह्याप्रमाणे फोल्डर, त्यांच्या आत तपासणीप्रमाणे फोल्डर. शुक्रवारी संध्याकाळी नियम सुरू केले. आता मेल आला की आपला आपण जागेवर जाऊन बसतो. नमुन्याचा अर्ज जोडलेला असला तर जिल्ह्यात. नसला तर ‘अपूर्ण’मध्ये. ‘अपूर्ण’ दर शुक्रवारी बघायचा, असं ठरवलंय.

मॅडम खूश. पाणी तपासायची ही लॅब त्यांनी एकटीनं उभी केली, त्यांना नीटनेटकं आवडतं. खेलन भैयांना विचारलं, कसं वाटतं. ‘हव, दीदी’ म्हणाले, म्हणजे हो, आणि बाटल्या धुवायला गेले. आतापर्यंत हा मेल तेच बघत होते.

६ ऑगस्ट, बुधवार

खे. भैयांची पद्धत लिहून ठेवते, नाहीतर विसरून जाईन. फोल्डर एकही नाही. सगळं एकाच ढिगात. सकाळी साडेनऊला काउंटरवर बसायचं, चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा आणि खालून वर वाचत यायचं. पुरानी बस्तीतून चालत येतात ना रोज, तसंच. प्रत्येक दारापाशी थोडं थांबत. अर्धे मेल ओठ हलवत वाचतात. काही डोक्यात राहिलं तर हातावर पेननं लिहितात.

मी म्हणाले होते, ह्यात काही हरवलं तर? ते म्हणाले, हरवेल कुठं, सगळं समोरच तर आहे.

मॅडमची पद्धत आणखी वेगळी. मेल आला की फोनवरून त्या क्षणी ‘ओके’. कशाला ओके, ते नंतर आम्ही शोधायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

‘अपूर्ण’ बघायचा होता. दुपारी जेवण झाल्यावर बघू म्हटलं. मग खिडकीतून तो राखाडी उजेड, यंत्राची टपटप, डोळा लागला की काय... जागी झाले तर चार वाजलेले. मॅडमनी कारखान्यांचे रिपोर्ट मागितले. राहिलं. सोमवारी नक्की.

घरी इराचा फोन चार्जिंगला लावताना तिच्या मेलचा आकडा दिसला. न वाचलेले हजारो. म्हटलं, काहून ग, तुले भीती नाही वाटत? मी मराठीत विचारते, पोट्टी हिंदीत उत्तर देते. “मम्मी, जो ज़रूरी होगा वो फोन करेगा ना।” आणि झोपली, शांत.

मला हेवा वाटला, खरं तर. (लिहिताना ‘मला’, बोलताना ‘मले’. बाबा असते तर हसले असते.)

१३ ऑगस्ट, बुधवार

पहाटे स्वप्न. तात्यापाऱ्यातली आमची गल्ली पाण्यानं भरलेली, घोट्याइतकी, काचेसारखी स्वच्छ. पाण्याखाली कागद पसरलेले, सगळ्यांवर बारीक अक्षर. मी वाकून वाचायला गेले की अक्षर हलायचं. कोणीतरी मागून म्हणत होतं, पाय उचलून चाल, पाय उचलून. भीती नव्हती. गार वाटत होतं फक्त. उठले तरी तळव्यांना ते गारपण होतं.

ऑफिसात दिवसभर पांढरं पान. फोन दोन-तीन आले. मॅडमचा नियम आहे, फोनवर काही घ्यायचं नाही. मी ठरलेलं सांगते, ‘मेल कर दीजिए.’ किती सहज येतं तोंडून.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. झेंडा, जिलेबी. इराबरोबर सदर बाजारात गेले, तिला कानातले हवे होते. गर्दीत स्कूटरवाल्यानं पदराला चिखल लावला. घरी येऊन झोपले. सोमवारी ‘अपूर्ण’ बघितला नव्हता, आज शुक्रवार आहे, हे आठवलं झोपेच्या काठावर. मग काठ सुटला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. पस्तिशीच्या, सुती साडी, केसांत पाणी. महानदीच्या बाजूच्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवतात. नाव फुलेश्वरी. दोन बस बदलून आल्या होत्या. पिशवीत शरबताची धुतलेली बाटली, त्यात पिवळसर पाणी. शाळेच्या हातपंपाचं. म्हणाल्या, मेल केला होता, उत्तराची वाट बघत होते.

मी शोधलं. त्यांच्यासमोर, त्यांच्या जिल्ह्याच्या फोल्डरमध्ये. नव्हता. मी नेहमीच्या आवाजात सांगितलं की मेल आलेला नाही, पत्ता चुकला असेल. त्या ‘अच्छा’ म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला, मी पाहिलं, आणि अर्ज पुढे केला.

खे. भैयांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. समजावून सांगितलं की शरबताच्या बाटलीतलं पाणी तपासून उपयोग नाही, लॅबच्या उकळलेल्या बाटलीत भरावं लागतं, आणि ते काही तासांत इथं पोचावं लागतं. मग म्हणाले, तुम्ही नका येऊ परत, शुक्रवारी मीच येतो.

त्या गेल्यावर मला आठवलं. ‘अपूर्ण’.

२ ऑगस्टचा मेल. नियम सुरू केले त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. विषय लिहिलेला नाही, अर्ज नाही. हिंदीत सहा ओळी. उतरवून ठेवते, शेवटच्या दोनच: “बच्चे यही पानी पीते हैं। हैंडपंप बंद करवा दें कि चलने दें, आप जैसा बोलेंगे वैसा करेंगे।”

आप जैसा बोलेंगे. सतरा दिवस.

२० ऑगस्ट, बुधवार

‘अपूर्ण’मधले सगळे वाचले. सकाळी बसले ते जेवायला उठलेच नाही. एकानं फक्त विहिरीचा फोटो पाठवला होता. एकानं अख्खा मेल रोमन लिपीत छत्तीसगढीत. एका आजोबांनी विचारलं होतं, अर्ज कुठं मिळतो. सगळ्यांना उत्तर दिलं. फुलेश्वरीला नाही. तिचं लिहायला घेतलं, खोडलं, घेतलं.

खे. भैया शेजारी येऊन उभे. मी म्हणाले, तुमच्या पद्धतीत हे झालं नसतं. ते रागावतील असं वाटत होतं, किंवा निदान ‘मैंने कहा था’ म्हणतील. पण त्यांनी कधी काही म्हटलंच नव्हतं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “दीदी, मैं बिना फारम वाला पहले पढ़ता था। जिसको फारम भरना नहीं आता, पानी अक्सर उसी का खराब रहता है।”

मग मला म्हणाले, खाऊन घ्या.

मॅडमना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. उलट समजूत घातली. पद्धत बरोबर आहे, लोकांनीच अर्ज नीट भरायला हवा, तू मनाला लावून घेऊ नकोस. नमुना फुकट तपासू, म्हणाल्या. मी म्हणाले, त्यांना मेल करून सांगते की तुमचा मेल आला होता, आमच्याकडून राहिला. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “बोलना है तो बोल दीजिए, वृंदा जी। लिखकर कुछ मत दीजिए। लिख दिया तो कागज़ बन जाता है।”

त्या वाईट नाहीत. ही लॅब त्यांचं सगळं आहे. मी मान हलवली. हलवली, हेच खरं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

‘अपूर्ण’चा नियम काढून टाकला. मेल पुन्हा समोर पडायला लागले, पावसात दाराशी येऊन थांबलेल्या माणसांसारखे. साडेनऊला खे. भैयांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. ते खालून वर वाचतात, मोठ्यानं. मी जिल्हा लावते, पण वाचून झाल्यावर. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला नाही. एका मेलशी ते थांबले, म्हणाले ही माणसं मागच्या वर्षीही आली होती, तेव्हा ह्यांची आई आजारी होती. कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार हे?

उद्या मीही जाते गावाला. मॅडमना सांगितलं. ‘ओके’ आलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

लॅबच्या गाडीतून. दोन्ही बाजूंना धान, इतकं हिरवं की डोळे मिटले तरी हिरवं. थोडा वेळ वाटलं, आपण कुठं पोचूच नये, अशीच गाडी चालत राहावी.

शाळा दोन खोल्यांची. हातपंप अंगणात, पिंपळाखाली. दांड्याला नायलॉनच्या दोरीचा तुकडा लटकत होता. विचारलं, ही दोरी कशाला.

खे. भैया पंपाचं तोंड स्पिरिटनं जाळून निर्जंतुक करत होते, तेव्हा फुलेश्वरीनं सांगितलं. आठवडाभर उत्तर आलं नाही, म्हणून तिनंच दांडा बांधून टाकला. मुलांना घरून पाणी आणायला लावलं. पण पाऱ्यातल्या, म्हणजे आजूबाजूच्या वस्तीतल्या, बायकाही ह्याच पंपावर भरतात. दुसरा पंप लांब, वाटेत नाला. चार दिवसांत भांडण झालं. सरपंचांनी विचारलं, कोणत्या कागदावरून बंद केला? तिच्याकडे कागद नव्हता. दोरी कापली. त्यानंतर तिसरीतल्या दोन मुली पोटानं आजारी पडल्या. आता बऱ्या आहेत. पाण्यानंच झालं की कशानं, कोण सांगणार. लोक तिच्याशी नीट बोलत नाहीत.

मुलं गोल करून बघत होती. भैयांनी पाच मिनिटं पंप हापसला, मग बाटली भरली. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. ऊन पडलं होतं, पाण्याची धार पिवळी, सुंदर दिसत होती. सुंदर.

मी म्हणाले, दीदी, तुमचा मेल आला होता. दोन तारखेलाच. मी लावलेल्या नियमामुळे तो बाजूला पडला, मी बघितलाच नाही. आणि मंगळवारी तुम्हाला खोटं सांगितलं, तेव्हा मला माहीत नव्हतं, पण खोटंच.

ती रागावली नाही. रागावली असती तर... तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. “आया था न? मैं सोच रही थी, मुझको भेजना नहीं आया।” कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन शिकली होती मेल करायला. पहिलाच मेल होता तिचा. गेले तीन आठवडे तिला वाटत होतं की आपलंच बटण चुकलं.

निघताना गाडीपाशी आली. संकोचत म्हणाली, एवढंच लिहून द्याल का, की मी दोन तारखेला विचारलं होतं? सरपंचांना दाखवता येईल. मनानं नाही बांधलं, विचारलं होतं.

मी हो म्हणाले.

परतीची वाट. पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात, माझ्या मांडीवर. वळणावर आतून हलक्या वाजायच्या.

२३ ऑगस्ट, शनिवार. पोरा, म्हणजे इथला पोळा.

लॅब अर्धा दिवस. खे. भैयांच्या घरून सणाचा फराळ, ठेठरी-खुरमी. रस्त्यावर पोरं मातीचे बैल ओढत चाललेली, चाकांचा आवाज वरपर्यंत.

काल पोचल्याबरोबर तिचं पाणी तपासणीचं औषध घातलेल्या छोट्या बाटल्यांत भरून उबेच्या पेटीत ठेवलंय. जंतू असले तर पाणी काळं पडतं. चोवीस तासांत, कधी अठ्ठेचाळीस. दुपारी पेटी उघडून बघितलं. काळं नाही. स्वच्छही नाही. एका बाटलीच्या तळाशी सावली आहे असं मला वाटतं. भैया म्हणतात, उद्याशिवाय काही बोलू नका.

मेल लिहिला. पाच वेळा नाही, एकदाच. आपला मेल २ ऑगस्टला मिळाला होता, उत्तर आमच्याकडून राहिलं, चूक माझी. नमुना २२ तारखेला घेतला, रिपोर्ट यायचा आहे. खाली माझं नाव आणि हुद्दा. प्रत मॅडमना. लपवून नाही पाठवायचं.

बोट बराच वेळ वर राहिलं. मग पाठवला. खिडकीबाहेर ढग थांबलेले, कुठं जायचं नसल्यासारखे. एवढी वर्षं इथं नोकरी केली, आणि सोमवारी टेबल माझं असेल की नाही, ह्याचा विचार करताना मन अगदी हलकं, जणू दुसऱ्याच कोणाचं.

तीनला फुलेश्वरीचा फोन. मेल मिळाला, दुकानातून छापून घेतला. मग विचारलं, आज सुट्टी आहे, पण सोमवारी मुलं येतील, तोपर्यंत पंप बांधू की चालू राहू देऊ?

ठरलेलं उत्तर आहे, रिपोर्टशिवाय लॅब सल्ला देत नाही. भैया काउंटरवरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, बांधा.

फोन ठेवला तर इनबॉक्सात सगळ्यांत वर मॅडमचं उत्तर आलेलं. ह्या वेळी ‘ओके’ नाही, बरंच लांब दिसतं. उघडलं नाही अजून. आधी पेटीपाशी जाऊन परत एकदा बघते.